कपाटातला डिजिटल कॅमेरा : घेण्यापूर्वी आणि वापरण्यापूर्वी

साधारणपणे २००० ते २०१२ या काळात घरोघरी आलेले आणि पुढे मोबाइल फोनमुळे कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन पडलेले लहान डिजिटल कॅमेरे आज महाविद्यालयीन मुले-मुली हौसेने पुन्हा शोधू लागली आहेत. ग्वाल्हेरही याला अपवाद नाही. या हौसेबरोबर काही ठरावीक शंकाही वारंवार विचारल्या जातात : कोणते मॉडेल घ्यावे, त्याचे कार्ड कुठल्याच दुकानात का मिळत नाही, ‘चालू स्थितीत’ म्हणून घेतलेला कॅमेरा आठवड्यात बंद पडला तर दाद कुठे मागावी, आणि हातात चांगला फोन असताना याची गरज ती काय. निर्णय घेण्यापुरती जेवढी माहिती लागते तेवढीच येथे क्रमाने दिली आहे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे इष्ट आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या ‘सिपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले होते, तर २०२३ मध्ये लेन्स कॅमेऱ्यातच बसवलेली असते अशा प्रकारच्या कॅमेऱ्यांची संख्या १७ लाखांच्या आसपास उरली होती. याचा व्यवहारातील अर्थ असा, की जुने कॅमेरे अजून मुबलक आहेत, परंतु त्यांचे सुटे भाग आणि कंपनीची दुरुस्ती सेवा जवळजवळ संपलेली आहे. म्हणून जो कॅमेरा घ्यावयाचा तो ‘नंतर दुरुस्त करून घेऊ’ या भरवशावर कधीही घेऊ नये.

फोन असताना हा कॅमेरा कशासाठी

आजचा फोन एक छायाचित्र टिपतो असे आपल्याला वाटते, तेव्हा तो बहुधा लागोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळतो, आकाश गडद करतो आणि चेहऱ्याची त्वचा गुळगुळीत करतो. जुना लहान कॅमेरा एकदाच उघडझाप करतो आणि जे मिळेल ते, थोडीफार प्रक्रिया करून, तसेच नोंदवतो; त्यामुळे सावली काळी राहते, दिव्याभोवती प्रकाश फाकतो आणि चित्रात थोडा खरबरीतपणा येतो. दुसरा फरक फ्लॅशचा आहे. या कॅमेऱ्यांत झेनॉन वायूची नळी असते आणि ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी वेळात, तीव्र प्रकाशाचा लोळ सोडते. फोनमधील एलईडी दिवा त्या मानाने मंद असतो आणि जास्त वेळ तेवतो. रात्रीच्या वरातीत नाचणारी माणसे जुन्या कॅमेऱ्यात ठसठशीत, जागच्या जागी थांबल्यासारखी दिसतात आणि पाठीमागचा अंधार अंधारच राहतो, त्याचे कारण हे. तरुणांना जो ‘लुक’ हवा असतो तो मुख्यतः या फ्लॅशमधून येतो, आणि त्यासाठी महागडे मॉडेल लागत नाही.

विक्रेते ‘सीसीडी’ या अक्षरांवर भाव वाढवतात, म्हणून त्यांचा अर्थ समजून घ्यावा. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी जी चिप कॅमेऱ्याच्या आत असते तिला सेन्सर म्हणतात. सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार असून तो १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला आणि त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. सीमॉस हा त्यानंतर प्रचारात आलेला, कमी वीज खाणारा आणि वेगवान प्रकार होय. सीसीडीचे रंग मुळातच निराळे असतात असे ठासून सांगितले जाते, परंतु चित्राचा रंग सेन्सरवरील रंगीत गाळणी, लेन्स आणि कंपनीने बसवलेली प्रक्रिया या सर्वांवर अवलंबून असतो. केवळ या तीन अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजणे शहाणपणाचे नाही.

पहिला शोध घरात

दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे स्थिरावली, तिच्याभोवती ‘लष्कर’ हा शहराचा भाग वसला, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मुंजी, लग्ने, गणेशोत्सव यांची छायाचित्रे जपण्याची आवड आजही दिसते. अशा घरात एखादा कॅनन, सोनी, निकॉन किंवा कोडॅक बॅटरीसकट पडून असण्याचा संभव मोठा असतो. पुणे-मुंबईच्या किंवा परदेशातील नातेवाइकांनाही विचारावे. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक आहे असा कॅमेरा अनोळखी माणसाकडून घेतलेल्या कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

घरचा कॅमेरा सापडल्यावर उत्साहाच्या भरात एक भयंकर चूक हटकून होते. आत जुने कार्ड असते, त्यावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीची छायाचित्रे असतात, कॅमेरा ‘कार्ड एरर’ दाखवतो आणि मूल निर्धास्तपणे ‘फॉर्मॅट’चे बटण दाबते. फॉर्मॅट करणे म्हणजे कार्डावरील अनुक्रमणिका पुसणे; त्या कार्डावर नवी चित्रे घेतली तर जुन्यांची जागा भरून जाते आणि ती परत मिळत नाहीत. यासाठी पुढील क्रम पाळावा :

- कार्ड प्रथम कॅमेऱ्यातून बाहेर काढावे. एसडी कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी ‘लॉक’कडे सरकवावी, म्हणजे कार्डावर नवे काही लिहिले जाणार नाही.
- कार्ड रीडरच्या साहाय्याने सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी.
- कार्ड रिकामे दिसले किंवा उघडले नाही तरी ते टाकू नये. ‘फोटोरेक’सारखी विनामूल्य प्रणाली पुसलेली चित्रे पुष्कळदा परत काढून देते, मात्र त्यासाठी कार्डावर मध्यंतरी काही लिहिलेले नसावे.
- कार्ड रीडर नसेल तर कॅमेऱ्याची मिनी-यूएसबी केबल वापरता येते. आजच्या फोनच्या केबलपेक्षा तिचे टोक वेगळे व जाड असते.

हातात नवे काही घेण्याआधी हे काम पूर्ण करावे. कॅमेरा पुढे चालला नाही तरी घरातील गेलेल्या माणसांची छायाचित्रे हाती लागणे ही त्याहून मोठी मिळकत आहे.

कार्ड आणि बॅटरी : खरा खर्च येथे आहे

बहुतेक लोक आधी कॅमेरा घेतात आणि मग कार्ड शोधत बाजारभर हिंडतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी अवस्था होऊ द्यायची नसेल, तर क्रम उलटा असावा : कार्ड मिळते का, बॅटरी मिळते का, हे पाहून मगच मॉडेल ठरवावे.

*एसडी.* सर्वांत सोयीचा प्रकार हाच. परंतु यातही तीन पिढ्या आहेत. मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंत असते. २००६ पासून आलेले एसडीएचसी ४ ते ३२ जीबीपर्यंत. आणि २००९ पासूनचे एसडीएक्ससी त्याहून मोठे. नवे कार्ड जुन्या कॅमेऱ्याच्या खाचेत व्यवस्थित बसते, म्हणून ते चालेल असा समज होतो, पण २००६ पूर्वीचे बहुतेक कॅमेरे एसडीएचसी वाचूच शकत नाहीत. दुकानदार ३२ जीबीचे कार्ड देतो, कॅमेरा चूक दाखवतो आणि ग्राहक कॅमेऱ्यालाच बिघडलेला समजतो. कार्डाच्या झडपेजवळ एसडीएचसीचे चिन्ह आहे का ते पाहावे. नसेल तर २ जीबी किंवा त्याहून लहान कार्डच शोधावे. ५ मेगापिक्सेलचे एक छायाचित्र साधारण २ ते अडीच एमबी जागा घेते, म्हणजे १ जीबीच्या कार्डावरही चारशेच्या आसपास चित्रे मावतात. लहान कार्डाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

*एक्सडी.* ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी २००२ मध्ये आणलेला, कमाल २ जीबीचा प्रकार. आता जुन्या साठ्यातून किंवा वापरलेलेच मिळते आणि साध्या कार्ड रीडरमध्ये बसत नाही. कॅमेऱ्याबरोबर कार्ड मिळत नसेल तर असा कॅमेरा टाळावा. फुजीच्या नंतरच्या काही मॉडेलांत एक्सडी आणि एसडी दोन्ही चालतात, ती घेण्यास हरकत नाही.

*मेमरी स्टिक.* सोनीचा स्वतःचा प्रकार; २०१० पासून सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत एसडीही चालू लागले. सोनीच घ्यावयाचा असेल तर त्या वर्षानंतरचा पाहावा, म्हणजे कटकट उरत नाही.

*कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि स्मार्ट मीडिया.* अगदी सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत हे प्रकार असतात. २००० मध्ये आलेला कॅननचा पहिला डिजिटल इक्सस कॉम्पॅक्ट फ्लॅशवर चालतो. नवशिक्या खरेदीदाराने यांच्या वाटेला जाऊ नये.

बॅटरीच्या बाबतीत दोन गट पडतात. पहिल्या गटात पेन्सिल सेलवर, म्हणजे सामान्य एए सेलवर, चालणारे कॅमेरे येतात. कॅननची पॉवरशॉट ए मालिका आणि निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेतील पुष्कळ मॉडेले या गटातील आहेत. ग्वाल्हेरसारख्या शहरात हाच गट अधिक सोयीचा, कारण सेल कोठेही मिळतात. मात्र साधे स्वस्त सेल दहा-वीस चित्रांतच माना टाकतात. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे, पुन्हा भरता येणारे सेल आणि त्यांचा चार्जर घ्यावा. दुसऱ्या गटात विशिष्ट आकाराच्या लिथियम बॅटऱ्या येतात, उदाहरणार्थ कॅननची एनबी-४एल किंवा एनबी-६एल, सोनीची एनपी-बीजी१, निकॉनची ईएन-ईएल१०. दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या अशा बॅटऱ्या ऑनलाइन मिळतात, परंतु बॅटरीवरील पूर्ण क्रमांक जुळवूनच मागवाव्यात आणि चार्जर सोबत आहे याची खात्री करावी. जुनी बॅटरी फुगलेली असेल, कप्प्यातून सहज सरकत नसेल, तर ती पिनेने उकरू नये, चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच ती द्यावी.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी

तपासणीस जाताना स्वतःचे चालणारे कार्ड आणि, शक्य असेल तर, भरलेली बॅटरी बरोबर न्यावी. ‘बॅटरी नाही, पण कॅमेरा चालू आहे’ या वाक्यावर विसंबून व्यवहार करू नये.

1. कॅमेरा पाच-सहा वेळा चालू-बंद करावा आणि झूम टोकापर्यंत पुढेमागे करावे. लेन्स अडखळणे, करकरणे किंवा अर्ध्यावर थांबणे हे मोठ्या खर्चाचे लक्षण आहे. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत पडद्यावर ‘ई१८’ असा संकेत उमटला, तर लेन्सची यंत्रणा अडकली आहे असे समजावे.
2. पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेऊन ते पडद्यावर मोठे करून पाहावे. प्रत्येक चित्रात त्याच जागी धूसर ठिपका दिसत असेल तर धूळ किंवा बुरशी आत गेलेली आहे. उन्हाळ्यात धुळीची वादळे सोसणाऱ्या ग्वाल्हेरमध्ये हा दोष विशेष बारकाईने पाहावा.
3. लेन्स तळहाताने झाकून एक चित्र घ्यावे. काळ्या पडद्यावर एखाद-दुसरा चमकता बिंदू चालतो. रेषा किंवा जांभळे पट्टे चालत नाहीत.
4. फ्लॅश लागोपाठ चार-पाच वेळा उडवून पाहावा.
5. बॅटरीचे झाकण उघडून धातूच्या पट्ट्या पाहाव्यात. हिरवट-पांढरा थर म्हणजे सेल गळलेले आहेत. झाकणाची प्लॅस्टिकची खुंटी तुटलेली असेल तर कॅमेरा रबर बँड लावूनच वापरावा लागतो. किंमत त्या मानाने पाडून मागावी.
6. तारीख लावून कॅमेरा बंद-चालू करावा. तारीख पुन्हा पुसली जात असेल तर आतील छोटा सेल संपलेला आहे. हा दोष किरकोळ असून त्यासाठी चांगला कॅमेरा नाकारू नये.

तिसऱ्या मुद्द्यातील जांभळ्या पट्ट्यांमागे एक ज्ञात इतिहास आहे. साधारण २००२ ते २००४ या काळात सोनीने बनवलेल्या आणि इतर अनेक कंपन्यांना पुरवलेल्या सीसीडी सेन्सरांत बांधणीचा दोष राहून गेला होता. उष्ण व दमट हवेत आतील जोड सुटत आणि चित्र वेडेवाकडे, जांभळट किंवा संपूर्ण काळे येई. २००५ च्या अखेरीस सोनीसह कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस आदी कंपन्यांनी अशा मॉडेलांची विनामूल्य दुरुस्ती जाहीर केली; कॅननचे पॉवरशॉट ए-६०, ए-७० आणि ए-७५ त्यांत होते. ती मुदत केव्हाच संपली आहे. म्हणून या काळातील मॉडेल घेताना ते आज व्यवस्थित चालत असले तरी थोडी चित्रे उन्हात, थोडी घरात घेऊन पाहावीत, आणि दर अगदी कमी असेल तरच घ्यावे. निवडीला वाव असेल तर २००६ ते २०११ मधील, एसडीएचसी चालणारे मॉडेल हा सर्वांत निर्धास्त पर्याय होय.

कॅमेरा बिघडलेला असला तरी तो घरी उघडू नये. फ्लॅशसाठी आत एक विद्युतसंचयक असतो, त्यात सुमारे ३०० व्होल्टचा भार साठतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. यूट्यूबवरील व्हिडिओ पाहून स्क्रू काढणाऱ्या मुलांना ही गोष्ट घरच्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

कोठून घ्यावा आणि हक्क कोणते

स्थानिक पातळीवर महाराज बाड्याच्या परिसरातील जुने फोटो स्टुडिओ आणि कॅमेरा दुरुस्त करणारे कारागीर यांच्याकडे आधी चौकशी करावी. त्यांच्याकडे पडून असलेले कॅमेरे जाहिरातीत कधीच येत नाहीत. सव्वातीनशे किलोमीटरवरील दिल्लीत चांदणी चौकातील कूचा चौधरी आणि मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हे कॅमेऱ्यांचे नावाजलेले बाजार आहेत. परदेशी संकेतस्थळांवरून, विशेषतः जपानमधून, वापरलेला कॅमेरा मागवण्याचा मोह अनेकांना होतो. भारताच्या परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित असून तिला परवाना लागतो, त्यामुळे पार्सल सीमाशुल्क विभागात अडकण्याचा धोका असतो. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने स्वतःच्या सामानातून, बॅगेज नियमांच्या मर्यादेत, कॅमेरा आणणे हा त्याहून सरळ मार्ग आहे.

हक्क हे विक्रेता कोण आहे यावर ठरतात.

- दुकानदाराकडून : पावती घ्यावीच. तिच्यावर मॉडेल, अनुक्रमांक आणि ‘चालू स्थितीत’ हे शब्द लिहून घ्यावेत. वापरलेली वस्तू असली तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो; सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर तक्रार करता येते.
- ऑनलाइन मंचावरील व्यापाऱ्याकडून : ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष किंवा जाहिरातीत वर्णिलेल्यापेक्षा वेगळी निघाल्यास विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, मग संकेतस्थळावर ‘परतावा नाही’ असे लिहिलेले असो. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. पार्सल उघडतानाचे अखंड चित्रीकरण ठेवावे.
- खासगी व्यक्तीकडून : जी व्यक्ती व्यापारी नाही, केवळ घरातील वस्तू विकते आहे, तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाणे अवघड असते. येथे आगाऊ पैसे न पाठवता सार्वजनिक ठिकाणी भेटून, वर दिलेली तपासणी करून आणि विक्रेत्याच्या ओळखीची खात्री करूनच व्यवहार करावा. वस्तू चोरीची निघाली तर खरेदीदाराला तिची मालकी मिळत नाही. विकणाऱ्याकडे जो हक्क नव्हता तो खरेदीने निर्माण होत नाही, हे मालविक्री कायदा, १९३० चे तत्त्व आहे.

तक्रारीसाठी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक वापरावा. तेथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, अर्ज करता येतो. वस्तूसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथेच अर्ज करण्याची मुभा असल्यामुळे दिल्लीच्या दुकानदाराविरुद्धची तक्रारही ग्वाल्हेरमध्ये दाखल होऊ शकते. वकील नेमणे सक्तीचे नाही.

ग्वाल्हेरच्या उजेडात वापर

या कॅमेऱ्यांना उजेड आणि सावली एकाच वेळी पेलत नाहीत. महंमद घौस यांच्या कबरीच्या इमारतीत दगडी जाळ्यांमधून येणारा प्रकाश टिपताना एकतर जाळी पांढरी फटक होते किंवा भिंत काळी पडते. फोन ज्या ठिकाणी दोन्ही वाचवतो तेथे या कॅमेऱ्याला एक निवडावे लागते. ‘एक्सपोजर कॉम्पेन्सेशन’, म्हणजे चित्र मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय, उणे एकवर ठेवली की जाळीची नक्षी स्पष्ट उमटते आणि आतील अंधार दाट होतो. अशा चित्रात जाळीच खरा विषय असतो, तेव्हा अंधाराचे नुकसान मानू नये. किल्ल्यावरील मानमंदिर महालाच्या बाहेरील भिंतींवरील निळ्या फरशा, बदकांच्या रांगा आणि केळीची झाडे यांच्यासाठी सकाळचे ऊन उत्तम. आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ८० ते २०० यांच्यातच ठेवावी, कारण ४०० च्या पुढे या लहान सेन्सरांवर रंगांचा चोथा होतो.

फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंतच पोहोचतो, त्यामुळे व्यापार मेळ्याच्या रात्रीच्या गर्दीत समोर उभ्या असलेल्या मित्रांसाठी तो योग्य आणि दूरच्या पाळण्यासाठी निरुपयोगी आहे. तानसेन समारोहात गायन-वादन चालू असताना तो बंदच ठेवावा. संरक्षित स्मारकांत आणि वस्तुसंग्रहालयांत तिकीट खिडकीवर छायाचित्रणाचे नियम विचारून घ्यावेत. अंतर्भागात फ्लॅश वर्ज्य असतो आणि तिपाईसाठी (ट्रायपॉडसाठी) पूर्वपरवानगी लागते.

जानेवारीच्या धुक्यातून घरात येताना थंड कॅमेरा एकदम उबदार खोलीत उघडा ठेवला तर लेन्सवर आणि आतही दव साचते. बाहेर असतानाच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि घरात आल्यावर तासाभराने काढावा. मे-जूनमध्ये तो बंद मोटारीत ठेवू नये. महिनाभर वापर होणार नसेल तर सेल काढून ठेवावेत आणि कार्डावरील चित्रे संगणकावर उतरवून घ्यावीत.